आधी माणूस बसवा, मग बॅटरी: लक्झरी इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर कशी आखायची

नव्या इलेक्ट्रिक एसयूव्हीची पहिली बैठक भरली की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "बॅटरी केवढी टाकायची?" मी या प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि त्यामुळे बैठकीतल्या निम्म्या लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. माझं काम व्हेइकल इंटिग्रेशनचं. डिझाइनवाल्यांना हवं ते रूप, बॅटरीवाल्यांना हवी ती जागा, क्रॅशवाल्यांना हवं ते लोखंड आणि फायनान्सला हवा तो आकडा, हे सगळं एकाच गाडीत कोंबायचं आणि वर सगळ्यांची बोलणी खायची. बॅटरीचा आकार हे गणिताचं उत्तर आहे. ते पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाकलं, की पुढची तीन-चार वर्षं सगळे त्या उत्तराला जुळेल असं गणित शोधत बसतात.

हे लिहितेय ते या कामात नव्याने आलेल्या इंजिनिअरांसाठी, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला अख्खी गाडी आखायला घेतलेल्या पोरापोरींसाठी. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील. क्रम मात्र शक्यतो असाच ठेवा.

टाचेपासून सुरुवात

जमिनीपासून वर चढत जा. गाडीच्या पोटाखाली १८० मिलिमीटर मोकळे सोडा. त्यावर बॅटरी पॅक, खालच्या संरक्षक पत्र्यासकट १५०. त्यावर बॉडीचा फ्लोअर, आवाज शोषणारा थर आणि कार्पेट मिळून ४०. म्हणजे चालकाची टाच ३७० वर आली. टाचेपासून खुब्याच्या सांध्यापर्यंत, ज्याला सगळे एच-पॉइंट म्हणतात, २९० धरा. एच-पॉइंट ६६० वर. तिथून छताच्या अस्तरापर्यंत ९६०, छताची जाडी ४५. बेरीज १,६६५ मिलिमीटर.

ही बेरीज एकदा स्वतःच्या हाताने केली, की इलेक्ट्रिक लक्झरी गाड्यांमध्ये क्रॉसओव्हरच, म्हणजे एसयूव्हीसारख्या उंच गाड्याच, इतक्या का, हे वेगळं सांगावं लागत नाही. बुटक्या सेदानमध्ये ते १५० मिलिमीटर लपवायला जागाच नसते. पोर्शेने टायकानमध्ये मागच्या प्रवाशाच्या पायाखाली बॅटरीला चक्क खाच पाडली, ती याच अडचणीपायी. उंच गाडीत पॅक सुखाने बसतो. किंमत मोजावी लागते ती हवेत, त्याकडे पुढे येतेच.

जॅग्वार आय-पेसची उंची १,५६५ मिलिमीटर, तर बीएमडब्ल्यू आयएक्स १,७०० च्या जवळ. दोघांची बेरीज हीच, फक्त काट मारण्याच्या जागा वेगळ्या. कुणी छतातली आडवी पट्टी काढून अखंड काच बसवतं आणि डोक्यावरचे २०-२५ मिलिमीटर वाचवतं, कुणी सीट खाली घेतं. सीट खाली घेण्याचा मोह सर्वांत वाईट, कारण त्याचा त्रास मागच्या सीटवर होतो. फ्लोअर उंच, छत मागे उतरतं, म्हणून मागची गादी खाली ठेवली जाते. मग बसणाऱ्याचे गुडघे वर येतात आणि मांड्या गादीवरून उचलल्या जातात. शोरूममधल्या दोन मिनिटांत हे कुणाच्या लक्षात येत नाही. तासाभराच्या प्रवासात कंबर सांगते.

म्हणून प्लायवूडचा बक, म्हणजे आत बसून बघता येईल असा खऱ्या मापाचा सांगाडा, बनवा. संगणकावरचा मॅनिकिन कितीही सुबक असला तरी तो अवघडून बसत नाही, चुळबुळ करत नाही. बकमध्ये बुटकी बाई आणि उंच पुरुष दोन्ही बसवा, मागच्या सीटवर निदान पाऊण तास, आणि त्यांना काहीही न विचारता फक्त बघत राहा. पाय कुठे सरकवतात, हात कुठे टेकवतात, उतरताना पोटरी कुठे घासते. बॅटरीच्या दोन्ही बाजूंना जाड सिल, म्हणजे दाराखालची लांब तुळई, लागतं, त्यामुळे दाराचा उंबरा रुंद होतो आणि उतरताना पाय लांब टाकावा लागतो. लक्झरी गाडीतून उतरताना कपड्यांना चिखल लागला तर बाकीचं लेदर गेलं खड्ड्यात.

पुढच्या बाजूला इंजिन नाही, तेव्हा केबिन पुढे ढकला. आय-पेसमध्ये ४,६८२ मिलिमीटर लांबीत २,९९० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) बसवलाय तो असाच. फक्त बॉनेटखाली मोठी डिकी द्यायचा हट्ट धरू नका. डॅशबोर्डमधला एसीचा डबा तिथे सरकवलात तर पुढच्या दोघांच्या पायांना ऐसपैस जागा मिळते, आणि मला विचाराल तर ती जास्त मोलाची.

गाडी वीज किती पिते

माणूस बसला. आता एक पान घ्या आणि १२० किलोमीटर वेगाचा हिशेब मांडा. संगणकाचं सिम्युलेशन नंतर येऊ द्या, आधी हाताने.

माणसांसकट गाडी २,५०० किलो धरा, टायरचा रोलिंग गुणांक ०.०१०. रस्त्याचा विरोध आला साधारण २४५ न्यूटन. हवेचा गुणांक ०.२८, समोरचं क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर. १२० च्या वेगाला हवेचा विरोध सुमारे ५०० न्यूटन. दोन्ही मिळून साडेसातशेच्या आसपास, त्याला लागतात २५ किलोवॅट. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरजोगी करणारा डबा) आणि गिअरमधली गळती धरली आणि एसी, पंप, संगणक यांचा दीड किलोवॅट मिळवला, की बॅटरीतून निघतात ३० किलोवॅट. म्हणजे १०० किलोमीटरला २५ किलोवॅट-तास. हाच हिशेब ९० च्या वेगाला केलात तर साधारण १८ येतात.

आता गंमत बघा. हवेचा गुणांक ०.२८ वरून ०.२६ वर आणला, तर १२० ला ३६ न्यूटन वाचतात. तेवढेच ३६ न्यूटन वजन कमी करून वाचवायचे, तर साडेतीनशे किलोंहून जास्त उतरवावे लागतील. हायवेवर वजनापेक्षा हवा जास्त खाते, हे ज्यांना तोंडपाठ असतं तेही बैठकीत दोन किलोच्या ब्रॅकेटवर तासभर भांडतात आणि २२ इंची रिमला डोळे झाकून मान डोलावतात. मोठं उघडं रिम हवा ढवळतं, रुंद टायर रोलिंग वाढवतं, वर चाकाचं वजन सस्पेन्शनच्या खालचं, म्हणून प्रत्येक खड्डा कमरेला कळतो. माझं मत विचारलंत तर २० इंचावर गाडी ट्यून करा. डिझाइनवाल्यांना २२ हवंच असेल तर त्याच्या रेंजचा आकडा वेगळा छापायला लावा. तो आकडा छापायची वेळ आली की हट्ट बराच निवळतो.

म्हणून वजनाकडे काणाडोळा करा असं नाही. वजन भोवतं ते दुसरीकडे: ब्रेक मोठे, चाक धरणारा नकल जाड, टायर भारी, क्रॅशची ऊर्जा जास्त, आणि यांतली प्रत्येक गोष्ट पुन्हा वजन वाढवते. आउडी ई-ट्रॉन २०१८ साली आली ती जवळपास अडीच टनाची, मर्सिडीझ ईक्यूसीही त्याच माळेतली. तेव्हा वजनाचं टार्गेट प्रत्येक विभागाला लिहून द्या आणि दर आठवड्याला तक्ता भिंतीवर लावा. त्यात एक ओळ 'कुणाचंच नसलेलं वजन' अशी ठेवा: क्लिपा, सीलंट, वायरिंगचे धागेदोरे, जादाचा ग्लू. ती ओळ नसली की शेवटी गाडी काट्यावर चढवल्यावर पन्नासेक किलो कुठून आले ते कुणालाच सांगता येत नाही.

आता बॅटरी

आता तो पहिल्या बैठकीतला प्रश्न घ्या. तुमच्या ग्राहकाला हायवेवर थांब्याशिवाय किती तास बसायचंय? तीन तास, १२० ने, म्हणजे ३६० किलोमीटर. २५ च्या खपाने ९० किलोवॅट-तास वापरायला मिळाले पाहिजेत. वर-खाली राखीव धरून एकूण शंभरच्या आसपास. आला आकार. हवेचा गुणांक ०.०२ ने उतरवलात तर चारेक किलोवॅट-तास कमी पुरतात. पॅकमध्ये किलोमागे १४० वॅट-तास धरले तर ते तीस किलो झाले.

१४० हा आकडा सेलचा नाही, अख्ख्या पॅकचा आहे. ई-ट्रॉनचा पहिला पॅक ९५ किलोवॅट-तासाचा आणि सुमारे ७०० किलोचा होता. भागाकार करून बघा. सेलच्या कागदावर याच्या दीडपट-पावणेदोनपट आकडा असतो, आणि नवखे तोच घेऊन हिशेब करतात. मधली तफावत म्हणजे पेटी, थंड पाण्याच्या पट्ट्या, बसबार (जाड वीजपट्ट्या), कॉन्टॅक्टर (मोठे वीजस्विच), खालचा पत्रा. (जाता जाता: त्या ई-ट्रॉनमध्ये आणि आय-पेसमध्ये दोन्हींत ३६ मॉड्यूल (सेलचे गठ्ठे) आणि ४३२ पाउच सेलच होते. गाड्या मात्र चालवायला अगदी वेगळ्या.)

४०० व्होल्ट की ८००, हा वाद तत्त्वाचा नाही, केबलच्या जाडीचा आहे. ८०० व्होल्टला २७० किलोवॅट घ्यायला साधारण ३४० अँपिअर लागतात. ४०० ला त्याच्या दुप्पट, आणि जलद चार्जिंगच्या सीसीएस प्लगची मर्यादा साधारण ५०० अँपिअरची. म्हणजे ४०० व्होल्टची गाडी २०० किलोवॅटच्या आसपास अडते. उलट, जुन्या ४०० व्होल्टच्या चार्जरवर ८०० ची गाडी अडते, त्याचीही सोय आधीच बघा. पोर्शेच्या इलेक्ट्रिक मकानमध्ये अशा वेळी बॅटरीचे दोन ४०० व्होल्टचे भाग करून ते शेजारी-शेजारी चार्ज होतात. ह्युंदाईच्या ई-जीएमपी प्लॅटफॉर्मवर मागची मोटर आणि इन्व्हर्टरच व्होल्टेज चढवायला वापरतात. दुसरी युक्ती मला जास्त आवडते, कारण त्यात नवीन डबा लागत नाही.

ब्रोशरवरच्या शिखराच्या किलोवॅटवर विसंबू नका. मकानचा दावा १० ते ८० टक्के २१ मिनिटांत, वापरातली क्षमता ९५ किलोवॅट-तास. म्हणजे साडेसहासष्ट किलोवॅट-तास २१ मिनिटांत, सरासरी १९० किलोवॅट. शिखर २७० चं आहे. टार्गेट लिहिताना सरासरी लिहा. पहिल्या ई-ट्रॉनचं शिखर १५० चंच होतं, पण ते ७० टक्क्यांच्या पुढेपर्यंत टिकायचं, त्यामुळे कागदावर मोठे आकडे मिरवणाऱ्या काही गाड्या तिच्या मागून निघायच्या. या सरासरीचा खरा मालक थर्मल विभाग असतो. १९० किलोवॅटमधले पाच टक्के जरी उष्णतेत गेले तरी साडेनऊ किलोवॅट पॅकमधून बाहेर काढायचे आहेत, तेही गाडी उभी असताना, समोरून वारा नसताना, आणि आत बसलेल्याला एसी हवा असताना. कंप्रेसर आणि पंख्याचा आकार या क्षणावर ठरवा. घाटावर नाही, रेस ट्रॅकवर नाही.

सिल, खांब आणि सेल

गाड्यांच्या क्रॅश-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅपची खांबाची चाचणी घ्या. २५४ मिलिमीटर व्यासाचा खांब, ताशी ३२ किलोमीटर, ७५ अंशाच्या कोनात, बाजूने. पुढच्या धडकेत चुरगळायला हातभर पत्रा असतो. इथे बाहेरच्या पत्र्यापासून पहिल्या सेलपर्यंत वीत-दीड वीत. तेवढ्यात खांब थांबला पाहिजे आणि सेलला धक्का लागता कामा नये. उपाय एकच: सिलच्या आत अनेक कप्प्यांची ॲल्युमिनियमची एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेली तुळई), आणि पॅकमधून आरपार जाणारे आडवे बीम, म्हणजे जोर पलीकडच्या सिलला पोचतो. सीटच्या खालचे बीम आणि पॅकमधले बीम एका रेषेत आणा. हे पॅकेजच्या पहिल्या महिन्यात केलं तर फुकट होतं. नंतर केलं तर सीटची रुळं हलतात, रुळं हलली की एच-पॉइंट हलतो, आणि आपण पुन्हा टाचेपाशी.

पॅक बॉडीला घट्ट बोल्ट केला की पिळाला विरोध वाढतो. आय-पेसची बॉडी एक अंश पिळायला ३६ किलोन्यूटन-मीटर लागतात, असं जॅग्वारने सांगितलं होतं. लक्झरीचा आणि या आकड्याचा संबंध थेट आहे. बॉडी कमी पिळते तेव्हा दारांची रबरं आणि डॅशबोर्डचे सांधे एकमेकांवर घासत नाहीत, आणि डॅम्परला त्याचं काम करता येतं.

एखादा सेल पेटलाच तर काय, याचं उत्तर आधीच पॅकमध्ये बांधलेलं हवं. सेलच्या मध्ये एरोजेलचे पातळ थर, वर अभ्रकाचा पत्रा, आणि गरम वायू बाहेर पडायला केबिनपासून दूर जाणारा मार्ग. चीनच्या जीबी ३८०३१ मानकाच्या २०२० च्या आवृत्तीत प्रवाशांना धोका पोचण्याच्या निदान ५ मिनिटं आधी इशारा मिळाला पाहिजे, अशी अट होती. २०२५ च्या आवृत्तीने त्यापुढे जाऊन आग नको आणि स्फोटही नको असं म्हटलंय. नवी गाडी आखताना २०२५ चीच अट धरून चाला.

मोटरबद्दल थोडक्यात. कायम चुंबकाची मोटर कमी वेगात कार्यक्षम, पण वीज बंद असतानाही तिचं चुंबक ओढ देतं. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये एक एक्सल बराच वेळ रिकामा फिरतो, म्हणून तिथे इंडक्शन मोटर घ्या किंवा क्लच लावून तोडा. ई-ट्रॉनने पुढे-मागे इंडक्शनच घेतली. बीएमडब्ल्यूने आयएक्समध्ये रोटरला वीज पुरवणारी, चुंबकच नसलेली सिंक्रोनस मोटर वापरली. आय-पेसमध्ये ड्राइव्हशाफ्ट मोटरच्या पोकळ रोटरमधूनच जातो, त्यामुळे जागा वाचते. शक्तीची चिंता नको. अडीच टनाला चारशे अश्वशक्ती आजकाल सहज मिळते. खरी मेहनत पुढे आहे.

आवाज

पेट्रोल गाडीत इंजिनाच्या घरघरीखाली शंभर पापं झाकली जातात. इलेक्ट्रिकमध्ये झाकण निघतं. पंपाची कुरकुर, कॉन्टॅक्टरची सीटखालून येणारी टक्, कंप्रेसरचा भुंगा, बाटलीच्या खणातली खुळखुळ, सगळं ऐकू येतं. लाखमोलाची गाडी आणि आतून डबा वाजतोय, हे ग्राहक एकदाच ऐकून घेतो.

सर्वांत चिवट असतो मोटरचा सूर. हिशेब सोपा आहे. आठ पोल (चुंबकाची टोकं) आणि ४८ स्लॉटची (तारांच्या खाचांची) मोटर घ्या. तिच्या टॉर्कमधली लहर फेऱ्यामागे ४८ वेळा येते. रिडक्शन ९ ला १, टायरचा घेर २.३ मीटर. गाडी ताशी ४६ किलोमीटरवर असताना मोटर मिनिटाला ३,००० फेरे करते, सेकंदाला ५०. पन्नास गुणिले ४८, म्हणजे २,४०० हर्ट्झ. माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झला सर्वांत तिखट असतो. शहरात गाडी ज्या वेगाला सर्वांत जास्त वेळ असते, नेमकी त्याच वेगाला ती कानात शीळ घालते. हा तक्ता मोटर निवडण्याच्या आधी करा: कुठला ऑर्डर (फेऱ्यामागे किती लहरी), कुठल्या वेगाला, किती हर्ट्झ. शेजारी गिअरच्या दातांचा ऑर्डरही लिहा. दोन्ही रेषा एकाच ठिकाणी बॉडीच्या एखाद्या नैसर्गिक कंपनाला छेदत असतील तर आत्ताच दातांची संख्या बदला.

मूळ आवाज कमी करायला रोटरचे तुकडे थोडे पिळून बसवतात, इन्व्हर्टरमधून उलटी लहर सोडतात, दात मायक्रॉनच्या मापाने घासतात. पण अर्धी लढाई आवाज कुठून आत शिरतो याची असते. एका प्रोटोवर अशीच बारीक शीळ येत होती. मोटरवाले म्हणाले माउंट कच्चे आहेत, माउंटवाले म्हणाले मोटर वाईट आहे, आणि दोघांच्या मेल वाचून माझं डोकं उठलं. आमच्या एनव्हीएच, म्हणजे आवाज-कंपन विभागातल्या सहकारी बाईंनी कुणाशी वाद न घालता गाडी अर्ध-निःशब्द खोलीत रोलरवर चढवली आणि मोटरपासून बॉडीला जोडलेली एकेक गोष्ट सोडवत गेल्या. माउंट सोडवला, शीळ तशीच. हाय-व्होल्टेज केबलचा क्लॅम्प सोडवला, तशीच. मग थंड पाण्याच्या पाइपचा एक तळहातापेक्षा लहान ब्रॅकेट सोडवला आणि केबिनमधल्या माइकवरची ती रेषा गायब झाली. पाइप मोटरला घट्ट, ब्रॅकेट फायरवॉलला (केबिनच्या पुढच्या पत्र्याच्या भिंतीला) घट्ट, मध्ये रबर नाही. महागड्या माउंटना वळसा घालून आवाज पाण्याच्या पाइपवरून चालत आत येत होता. तेव्हापासून माझ्या तपासयादीत पहिली ओळ हीच: ड्राइव्ह युनिटला आणि बॉडीला एकाच वेळी चिकटलेली प्रत्येक नळी, केबल आणि ब्रॅकेट मोजा, आणि प्रत्येकात रबर कुठे आहे ते बोट लावून दाखवायला सांगा.

टायरच्या आतल्या हवेचाही एक सूर असतो, २०० हर्ट्झच्या आसपास, खडबडीत रस्त्यावर 'घूंऽऽ' असा. त्यावर टायरच्या आत फोमचा पट्टा चिकटवलेले टायर घ्या. टायर कंपनीला हे शेवटी सांगितलं तर ती दोन वर्षं मागते, तेव्हा पहिल्याच यादीत टाका. वाऱ्याचा आवाज मात्र दाराच्या रबरावर आणि आरशाच्या बुडाशी मरतो. तिथे काच दुपदरी करा, पण आधी धुराची नळी घेऊन गळती शोधा. गळती असताना जाड काच म्हणजे पैशाचा चुराडा.

कायद्याने काही आवाज करावाही लागतो. संयुक्त राष्ट्रांचा नियम १३८ ताशी २० किलोमीटरपर्यंत पादचाऱ्यांसाठी आवाज मागतो. युरोपात जुलै २०२१ पासून तो सगळ्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना लागू आहे. स्पीकर बंपरमागे बसवताना तो केबिनच्या हवेच्या तोंडापासून लांब ठेवा. नाहीतर बाहेरच्यांसाठी केलेला आवाज आतलेच ऐकत बसतात.

पाय ब्रेकवर

ई-ट्रॉन ०.३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तीन-दशांश) पर्यंतचं मंदावणं मोटरवरच करते, असं आउडीने सांगितलं होतं. अडीच टनाची गाडी शंभरच्या वेगाला ०.३ जी ने मंदावायची म्हणजे त्या क्षणी २०० किलोवॅटहून जास्त वीज उलटी येते. ती घ्यायला मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी तिघंही तयार पाहिजेत. आणि नसतील तेव्हा? बॅटरी भरलेली आहे, किंवा थंडीने सेल गारठलेत, किंवा बर्फावर एक चाक घसरलं. तेव्हा हायड्रॉलिक ब्रेकने जागा घ्यायची आणि पायाला काही कळता कामा नये.

ही चाचणी ठरवून करा. बॅटरी शंभर टक्के भरा, उतार शोधा, डोळे बांधलेल्या सहकाऱ्याला शेजारी बसवा आणि ब्रेक लावत जा. मोटरवरून डिस्कवर काम कधी गेलं ते त्याला सांगता आलं तर ट्यूनिंग कच्चं आहे. दुसरं, डिस्क क्वचित वापरली जाते म्हणून गंजते. अधूनमधून संगणकाने मुद्दाम पॅड टेकवून ती पुसून घ्यावी, असं सॉफ्टवेअरमध्ये लिहून घ्या.

बर्फ, वाळवंट आणि पार्किंग

पहिले म्युल, म्हणजे सुरुवातीच्या चाचणी-गाड्या, जुन्याच कुठल्या तरी गाडीच्या कातड्याखाली फिरतात. त्यांच्याकडून फक्त मोटर, बॅटरी आणि सस्पेन्शनच्या प्रश्नांची उत्तरं मागा. आवाजाबद्दल त्यांना काही विचारू नका. खरी बॉडी आली की स्वीडनमधल्या आर्येप्लॉगच्या गोठलेल्या तलावांवर जा. तिथे ट्रॅक्शन कंट्रोल तर तपासालच, पण मी आणखी एक बघते: रात्रभर उणे तापमानात उभी गाडी, सकाळी चार्जरला लावली, तर बॅटरी गरम करण्यातच किती वीज आणि किती मिनिटं जातात. उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत उलट प्रश्न, गरम गाडी गरम हवेत चार्ज होताना एसी कुणाला आधी मिळतो, बॅटरीला की माणसाला. हा निर्णय थर्मलवाले आपापसात घेऊन टाकतात. घेऊ देऊ नका, लक्झरी गाडीत तो सगळ्यांसमोर झाला पाहिजे.

सॉफ्टवेअर कधीच संपत नाही, म्हणून फ्रीझच्या, म्हणजे यापुढे बदल नाही म्हणायच्या, तारखा दोन ठेवा. ब्रेक, स्टिअरिंग, बॅटरी यांची आधीची, स्क्रीन आणि गाण्यांची नंतरची. संयुक्त राष्ट्रांचे १५५ आणि १५६ हे सायबर सुरक्षेचे आणि अपडेटचे नियम जुलै २०२४ पासून युरोपातल्या सगळ्या नव्या गाड्यांना लागू झालेत. त्याचे कागद शेवटच्या महिन्यात तयार होत नाहीत.

आणि पायलट बॅचमधली, म्हणजे विक्रीआधीच्या पहिल्या तुकडीतली, एक गाडी कुणालाही न देता बाजूला काढा. कुलूप लावा, तीन आठवडे हात लावू नका. झोपलेली म्हणवणारी गाडी २० वॅट जरी खात राहिली, तरी तीन आठवड्यांत १० किलोवॅट-तास जातात. म्हणजे परदेशी जाऊन आलेल्या मालकाला चाळीसेक किलोमीटर रेंज गायब दिसते, आणि १२ व्होल्टची बॅटरी बसली असेल तर दारही उघडत नाही. कुठला संगणक कोणाला उठवतो ते शोधायला कॅन बसवर (गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात त्या तारांवर) नोंद ठेवणारा लॉगर लावा. लॉगर स्वतः किती वॅट खातो ते मात्र आधी मोजून वजा करा, नाहीतर सॉफ्टवेअरवाले पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवतील.